रिसोडात इलेक्ट्रिक गिटार घेताना

इलेक्ट्रिक गिटार कारखान्याच्या खोक्यातून बाहेर येते तेव्हा तिचं काम पुरं झालेलं नसतं. तारा चढवलेल्या असतात, रंग चकाकत असतो, बटणं फिरत असतात. पण मानेचा बाक, तारांची उंची, प्रत्येक तारेची नेमकी लांबी हे सगळं गावच्या हवेला आणि वाजवणाऱ्याच्या हाताला जुळवून बसवायचं बाकी असतं. जवारी न काढलेला तंबोरा कितीही भारी लाकडाचा असला तरी बोलत नाही, तसंच हे. म्हणून ‘कोणती गिटार घ्यावी’ याच्याआधी ‘कुणाच्या हातून घ्यावी’ हे ठरवावं, असं माझं ठाम मत आहे. वाशीम जिल्ह्यातल्या रिसोडसारख्या तालुक्याच्या गावात तर हे जास्तच खरं.

रिसोडला रेल्वे नाही, एसटीचं आगार आहे. गावाचा पैसा सोयाबीनवर चालतो. दिवाळीच्या आगेमागे माल बाजार समितीत गेला की घराघरांत राहिलेल्या खरेद्या निघतात, आणि दहावी-बारावीतल्या पोरापोरींची गिटारची मागणीही तेव्हाच पुढे येते. इथल्या वाद्यांच्या दुकानाचं मुख्य गिऱ्हाईक भजनी मंडळ. लोणीचं सखाराम महाराज संस्थान याच तालुक्यात आहे. अशा भागात पखवाज, टाळ, वीणा आणि पेटी यांनाच पहिली मागणी असणार. गणपती-नवरात्रात ढोल-ताशे, लग्नसराईत बँडवाल्यांचं सामान. गिटार असलीच तर भिंतीला टांगलेली साधी, पोकळ पेटीची. इलेक्ट्रिक हवी असेल तर दुकानदार म्हणतो, “मागवून देतो.” मग पोरगं फोन उघडतं, तिथं शेकडो गिटारी रांगेनं दिसतात, आणि दुकान मागं पडतं.

ते मागं पडू नये असं मला वाटतं. दुकानदाराची दया म्हणून नव्हे. पेटीचा बेसूर झालेला स्वर कानानं ओळखून पट्टी घासणारा, ढोलकीची शाई कुठे उडाली ते थापेवरून सांगणारा माणूस त्या दुकानात बसलेला असतो. गिटारला नेमका तसाच कान आणि तसाच हात लागतो. त्याला गिटारची चार मापं ठाऊक नसतील तर ती एका दुपारी सांगता येतात. कान मात्र कुरिअरनं येत नाही.

आणि हे वाद्य आपल्याकडे वाटतं तितकं परकंही नाही. मुंबई-कोकणातल्या मिरवणुकांत वाजणारा बेंजो सगळ्यांनी ऐकलेला आहे. कव्वालीच्या पार्टीतही तो असतो. टाइपरायटरसारखी बटणं, खाली ताणलेल्या पोलादी तारा, आणि कर्ण्यातून ऐकू यावा म्हणून तारांखाली बसवलेला चुंबकाचा पिकअप. या बेंजोचं मूळ जपानी आहे. नागोया शहरातल्या मोरिता गोरो यांनी १९१२ साली ‘ताइशोगोतो’ नावाचं वाद्य केलं, ते आपल्याकडे येऊन बुलबुल तरंग झालं आणि पुढे वीज लागून मिरवणुकीतला बेंजो झालं. त्याच नागोयात होशिनो गाक्की ही कंपनी आहे, आणि ‘इबानेझ’ नावाच्या ज्या गिटारी आज तरुण पोरं फोनवर न्याहाळत असतात त्या तिच्याच. एका गावातून निघालेली ही दोन वाद्यं आपल्याकडे दोन निराळ्या वाटांनी पोचली. त्यामुळे बेंजोची तुटलेली वायर डागणारा कारागीर तुमच्या ओळखीचा असेल, तर गिटारच्या पोटातलं काम त्याला नवं नाही.

ते काम समजून घेण्यासारखं आहे, कारण खरेदीचे निम्मे निर्णय त्यातूनच सुटतात. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली दाखवून दिलं की तारेच्या वेटोळ्यातून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदललं की वेटोळ्यात वीज उपजते. गिटारचा पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो फेरे. वरची पोलादी तार त्या चुंबकाच्या प्रभावाखाली स्वतःच किंचित चुंबक झालेली असते. ती थरथरली की क्षेत्र त्याच वेगानं हलतं आणि फेऱ्यांत तितक्याच कंपनसंख्येची अगदी क्षीण वीज तयार होते. जाड ‘ई’ची तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा थरथरते, बारीक ‘ई’ची सुमारे ३३० वेळा. ॲम्प्लिफायर त्या क्षीण विजेला मोठं करतो, एवढंच. नायलॉनच्या तारेला हा पिकअप ओळखतच नाही. पोकळ गिटारच्या ब्राँझच्या तारा त्याला अर्धवट कळतात. दुकानात तारा मागताना म्हणूनच ‘इलेक्ट्रिकच्या, निकेलच्या’ असं स्पष्ट सांगावं लागतं. नाहीतर सोनेरी रंगाचा सेट हातात पडतो, तारा लागतात, पण आवाज असमान येतो आणि दोष गिटारला जातो.

या तत्त्वावर चाललेली पहिली गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवायची होती. जॉर्ज बीचम यांनी १९३१ साली लॉस एंजलिसमध्ये ती घडवली आणि पुढे रिकनबॅकर या नावानं ती विकली गेली. गोल ओतीव ॲल्युमिनियमची आणि लांब दांड्याची, म्हणून लोक तिला तळणीचा तवाच म्हणू लागले. हवाईयन पद्धतीनं वाजणाऱ्या याच घराण्याच्या गिटारवर व्हॅन शिपले यांनी हिंदी चित्रगीतांच्या धून वाजवल्या आणि त्यांच्या तबकड्या घरोघरी गेल्या. उभ्या धरून वाजवायच्या भरीव लाकडी गिटारी आल्या त्या १९५०च्या सुमारास. फेंडरची टेलिकास्टर, १९५२ साली गिब्सनची लेस पॉल, १९५४ साली फेंडरचीच स्ट्रॅटोकास्टर. आज दुकानात जे दहा प्रकार दिसतात ते बहुतेक या तिघींच्याच लेकी आहेत. आपल्या कानावर हा आवाज सिनेमानं घातला. १९७१च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’मधल्या ‘दम मारो दम’ची गिटार भूपिंदर सिंग यांनी वाजवलेली, तेच भूपिंदर जे पुढे गझलगायक म्हणून सर्वांच्या परिचयाचे झाले. त्या काळात परदेशी वाद्य आणणं म्हणजे परवान्यांचं लचांड. सामान्य माणसाला कोलकात्याच्या गिव्हसनसारख्या देशी गिटारीच परवडत. मुंबईत धोबीतलावचं फुर्तादोज हे १८६५पासूनचं दुकान, पण तिथवर जायचं तर विदर्भातल्या माणसाला एक रात्र प्रवासात घालवावी लागे. २००१ साली आयातीवरचे संख्यात्मक निर्बंध उठले, आणि आता यामाहा, कोर्ट, इबानेझ, फेंडरची स्वस्त भावंडं असलेली स्क्वायर, हे सगळं तालुक्याच्या दुकानदारालाही वितरकाकडून मागवता येतं.

मग मागवलेली गिटार दुकानात आली की काय बघायचं? इथं घाई करू नये. पैसे देण्याआधी अर्धा तास मागून घ्या आणि शाळेच्या कंपासपेटीतली स्टीलची पट्टी सोबत न्या. गिटार आधी सुरात लावा, कारण तारा ढिल्या असताना घेतलेलं कुठलंही माप खोटं. मग मान डोळ्याच्या रेषेत धरून ब्रिजकडून, म्हणजे धडावर तारा टेकतात तिथून, डोक्याकडे बघा, पलंगाची पाटी सरळ आहे का हे सुतार बघतो तशी. मानेला पीळ असेल तर ती गिटार परत करा, तिथं कुठलीही दुरुस्ती नीट बसत नाही. बाक मात्र वेगळा. थोडा बाक हवाच, कारण थरथरणारी तार मध्यभागी जास्त फुगते आणि तिला जागा लागते. मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट. जाड तार पहिल्या फ्रेटवर एका हातानं आणि मान धडाला मिळते तिथल्या फ्रेटवर दुसऱ्या हातानं दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकी फट राहिली तर बाक बरोबर आहे. फटच नसेल तर तार खरखरेल. जास्त असेल तर बोटं दुखतील. हा बाक मानेच्या आतल्या लोखंडी सळीनं, म्हणजे ट्रस रॉडनं बदलतो. ॲलन की घालून पाव फेरा फिरवायचा, पुन्हा सूर लावायचा, पुन्हा बघायचं. एकदम पूर्ण फेरा देणाऱ्या माणसाच्या हातात गिटार देऊ नका.

आता पट्टी काढा. बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतची उंची मोजा. जाड तारेला २ मिलिमीटरच्या आसपास आणि बारीक तारेला दीडच्या आसपास असेल तर नवशिक्याची बोटं टिकतात. खोक्यातून निघालेल्या स्वस्त गिटारीत ही उंची पुष्कळदा ३ मिलिमीटरच्या वर असते. दोन महिन्यांत ‘मला काही जमत नाही’ म्हणून गिटार माळ्यावर टाकणाऱ्या कितीतरी पोरांची खरी अडचण हा एक-दीड मिलिमीटर असतो. त्यांच्या बोटांत काही उणं नसतं. मला या खरेदीतली सर्वांत मोठी हळहळ याचीच वाटते, कारण ब्रिजवरचे दोन बारीक स्क्रू फिरवून ती अडचण पाच मिनिटांत दूर होते.

शेवटची तपासणी कानाची. फ्रेट जिथं बसवलेले असतात त्या जागा गणितानं ठरतात. प्रत्येक पायरीला तारेची लांबी १.०५९५नं भागायची, म्हणजे बारा पायऱ्यांत ती नेमकी निम्मी होते आणि स्वर वरच्या सप्तकात जातो. स्ट्रॅटोकास्टरच्या घरातल्या गिटारीत डोक्यापाशी तारा टेकतात त्या नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी ६४८ मिलिमीटर धरतात, म्हणून बारावा फ्रेट नटपासून ३२४ मिलिमीटरवर. पण तार दाबली की ती थोडी ताणली जाते आणि स्वर किंचित चढतो. हा चढ भरून काढायला ब्रिजवरची प्रत्येक तारेची छोटी घोडी मागेपुढे सरकवतात. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला नुसतं बोट टेकवून घंटेसारखा स्वर काढा, मग तिथंच तार दाबून स्वर काढा. फोनमधल्या ट्यूनरवर दोन्ही एकाच जागी आले पाहिजेत. दाबलेला स्वर चढा येत असेल तर घोडी मागे घ्यायची, उतरा असेल तर पुढे. हे सहाही तारांना करायचं. पेटी जुळवणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. ट्यूनरच्या काट्याच्या आधी त्याचा कान बोलतो.

ही मापं एकदा बसली की कायमची बसली, असं मात्र आपल्याकडे होत नाही. गिटारी बनवणारे लोक हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या बेतानं राखतात. वऱ्हाडातला मे महिना आणि ही आर्द्रता यांची गाठ पडत नाही. दुपारी पारा ४२च्या पुढे, हवा कोरडीठाक. लाकूड आडव्या अंगानं आकसतं, फ्रेटचा धातू आकसत नाही, आणि मानेच्या कडेवरून बोट फिरवलं की फ्रेटची टोकं काट्यांसारखी टोचतात. मान मागे झुकते, फट संपते, तारा खरखरू लागतात. मग आषाढात उलटं होतं. लाकूड फुगतं, मान पुढे वाकते, तारा उंच होतात. दिवाळीत घेतलेली गिटार होळीनंतर एकदा आणि पाऊस बसल्यावर एकदा दुकानात नेऊन बघून घ्यावीच लागते. टिनपत्र्याच्या खोलीत, उन्हातल्या गाडीत किंवा कुलरच्या झोताखाली ती ठेवू नये. जाड कापडी पिशवीत, आतल्या भिंतीकडे, चालते. एक गोष्ट सांगायला मला फार आनंद होतो. जगातल्या कितीतरी चांगल्या गिटारींच्या मानेवरची फ्रेट बसवलेली पट्टी भारतीय शिसवीची असते. डाल्बर्जिया लॅटिफोलिया, आपल्या जुन्या वाड्यांतल्या पलंगांचं आणि देव्हाऱ्यांचं लाकूड. शिसवीच्या पट्टीला वर्षातून एकदोनदा तेलाचा अगदी पातळ हात दिला तर ती कोरड्या उन्हाळ्यातही नीट राहते. पांढुरक्या मेपलच्या, लाख चढवलेल्या पट्टीला तेल लावायचं नाही.

आता विजेकडे येतो, आणि इथं मी जरा कठोरपणे लिहिणार आहे. पिकअप दोन तऱ्हेचे असतात. एका वेटोळ्याचा पिकअप स्वच्छ, खणखणीत बोलतो, पण घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुणही पकडतो. जुनी ट्यूबलाइट, पंख्याचा रेग्युलेटर, मोबाइलचा चार्जर सगळं त्यात ऐकू येतं. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५च्या सुमारास दोन वेटोळी उलटसुलट जोडून ही गुणगुण मारली, त्याला हंबकर म्हणतात. पहिली गिटार घेणाऱ्यानं ब्रिजपाशी एक हंबकर आणि बाकी दोन एकेरी अशी रचना घ्यावी, दोन्ही आवाज हाताशी राहतात. दुकानात ॲम्प चालू करून तारांना हात लावा. गुणगुण कमी झाली तर गिटारच्या आतलं अर्थिंग ठीक आहे. हात लावल्यावर वाढली किंवा बोटाला मुंग्या आल्या तर त्याच क्षणी हात काढा.

कारण गिटारच्या तारा ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात, आणि सांगाडा तिसऱ्या पिनेतून जमिनीला. ही तिसरी पिन नुसती नावाला असेल, तर बिघडलेल्या ॲम्पची पूर्ण वीज तुमच्या बोटांवर येऊन बसते. वाजवताना ओठ मायकला लागले आणि मायक दुसऱ्या यंत्रणेवर असला की वर्तुळ माणसातून पुरं होतं. ‘स्टोन द क्रोज’ या ब्रिटिश बँडचे गिटारवादक लेस हार्वी १९७२ साली स्वान्सीच्या मंचावर असेच गेले. आपल्याकडे उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, मुरूम कोरडा होतो आणि अर्थिंगचा खड्डा वीज नीट जमिनीत सोडत नाही. खड्ड्यात मीठ-कोळसा आहे का, त्यात पाणी टाकलं जातं का, हे घरच्या वायरमनला विचारा. त्याच्याकडून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच ती तोडणारा स्विच, बसवून घ्या. गिटारच्या पट्ट्याच्या आणि पिशवीच्या आधी हा खर्च करावा. मंडपात वाजवणार असाल तर गिटार आणि मायक एकाच बोर्डवर घ्यायला लावा, आणि साउंडवाला कुरकुरला तरी ऐकू नका.

त्याच साउंडवाल्याबरोबर आणखी एक गाठ पडणार आहे. तो गिटारची केबल सरळ मिक्सरच्या मायकच्या सॉकेटात खुपसेल आणि आवाज येईल दबलेला, कापूस कोंबल्यासारखा. पिकअपला पुढे सुमारे दहा लाख ओहमचं दार लागतं. मिक्सरच्या साध्या सॉकेटाला काही हजार ओहमच असतात, तिथं वरचे बारीक स्वर मरून जातात. मध्ये डीआय बॉक्स ठेवला किंवा गिटारचा मल्टिइफेक्ट प्रोसेसर जोडला की आवाज मोकळा होतो.

पैशाचं थोडक्यात. वाजवण्याजोगी पहिली गिटार साधारण १५ ते २५ हजारांत येते. घरच्या सरावाला १० ते २० वॉटचा ॲम्प पुरतो. हातात असलेल्या रकमेतला एक तृतीयांश ॲम्प, केबल, पट्टा आणि सेटअपसाठी, म्हणजे वरची मापं बसवून घेण्यासाठी, राखूनच गिटारचा आकडा ठरवा. पाच-सात हजारांत ‘सगळं एकत्र’ मिळणारे संच टाळलेले बरे, त्यातल्या खुंट्या सूर धरत नाहीत. दुकानदाराशी घासाघीस किमतीची करण्यापेक्षा कामाची करा. पहिला सेटअप त्याच्या माथी, आणि उन्हाळ्यानंतरचा एक फेरा फुकट. जीएसटी क्रमांकाचं पक्कं बिल घ्या, त्यावर गिटारचा अनुक्रमांक लिहून घ्या, वॉरंटी कार्डावर शिक्का घ्या. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे माल मुंबईच्या विक्रेत्याकडून मागवला तरी दाद वाशीमच्या जिल्हा आयोगात मागता येईल. पण बिल नसेल तर पहिल्याच पायरीवर अडचण.

एक काम खरेदीच्या दिवशीच करून ठेवा. बारीक ‘ई’ची तार तुटणार आहे, बहुधा कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी, आणि तेव्हा अकोल्याची गाडी गेलेली असेल. दुकानदाराला नऊ नंबरचे, म्हणजे बारीक तार इंचाच्या नऊ हजारांश भागाइतकी जाड असलेले, दोन सेट तुमच्या नावानं मागवायला सांगा आणि एक त्याच्याकडेच ठेवा. गावात गिटार वाजवणारी आणखी दोघं-तिघं असतील तर सगळ्यांनी एकच जाडी ठरवून घ्या. महिन्याला चार सेट खपतात हे दिसलं की तो तबल्याच्या शाईशेजारी निकेलच्या तारांनाही कप्पा देतो.